दोन मुळांची दाढ

टपालबाई निवृत्त झाल्या, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत काही पोचली नाही. चौतीस वर्षं खांद्याला पिशवी लावून शहरभर चालायची सवय. सकाळचे सात वाजले की पाय आपोआप दाराकडे वळायचे. पहिले काही दिवस त्या जुन्याच गल्ल्यांतून हिंडल्या, तर जो तो विचारी, "आमचं काही आलंय का हो?" रिकाम्या हातांनी नाही म्हणताना त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून त्यांनी शहराबाहेरचा रस्ता धरला. तो रस्ता एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी जाऊन संपत होता, आणि तिथेच त्यांना हा नाद लागला.

घरात त्या आणि वन्सं, अशा दोघीच. वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला, तेव्हा सगळे म्हणाले, आता या दोघींचं कसं जमणार? पण जमलं. वन्संनी एकतीस वर्षं एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताशी उभं राहून काढली होती. स्वच्छतेच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. आणि वहिनी तर रोज पिशवीभर धूळ घरी आणणार!

"खिडकीत दगड, चपलांच्या फळीवर दगड, परवा तर साबणाच्या डबीत दगड," वन्सं म्हणायच्या. "एक दिवस हा मजला खचेल आणि तुझं सगळं रत्नभांडार खालच्या वकिलांच्या ताटात पडेल."

"वकिलांनी आधी दगड ओळखून दाखवावा, मग तक्रार करावी," टपालबाई म्हणायच्या.

ओळखणं मात्र त्यांना स्वतःलाही सुरुवातीला अजिबात येत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शहरातल्या संग्रहालयाच्या तळघरात एक टेबल मांडलं जाई. ज्याला जे सापडलं असेल ते त्याने आणावं, आणि तिथल्या साहेबांनी ते काय आहे ते सांगावं. टपालबाईंनी पहिल्या वर्षी अकरा वस्तू नेल्या. उल्का म्हणून नेली ती लोखंडाच्या भट्टीतली मळी निघाली. पाचू म्हणून नेला ते पाण्यात झिजलेलं बाटलीचं बूड. राक्षसी सरड्याचं, म्हणजे डायनासोरचं हाड म्हणून कागदात गुंडाळून, छातीशी धरून नेलं, ते कुत्र्याचं होतं. पण साहेबांची नाही म्हणायची तऱ्हाच अशी, की माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. दर वेळी ते एक कारण सांगत, आणि टपालबाई ते कारण वहीत उतरवून घेत. 'मळीला बुडबुड्यांची भोकं असतात.' 'लोखंडी सुरीने ओरखडा उठला तर गारगोटी नव्हे.' 'मासा, सरडा यांच्या दाताला एकच मूळ. दोन मुळांची दाढ दिसली तर जेवण टाकून माझ्याकडे या.'

सात वर्षांत वह्या चार झाल्या. शिवाय टपालबाईंकडे एक जुनं भांडवल होतंच. भिजलेल्या पाकिटावरचा फिसकटलेला पत्ता त्यांनी जन्मभर वाचला होता. पुसट काय लिहिलंय, आणि कागदाची नुसती सुरकुती कुठली, हे त्यांना पटकन कळायचं. दगडातही तेच होतं.

मग एका शुक्रवारी खाणीच्या उत्तरेच्या भिंतीखाली, ढासळलेल्या ढिगात, त्यांना मुठीएवढा करडा दगड मिळाला. त्याच्या एका बाजूला बारीक गोगलगायींचे शिंपले होते, आणि त्यांच्या मधोमध काळी चकचकीत रेघ. रेघ नखाएवढी. भिंगातून पाहिलं तर रेघेवर तीन दात, आणि चौथा अर्धा मोडलेला.

घरी आल्यावर त्यांनी दगड दिव्याखाली धरला. वन्सं भाजी निवडत होत्या. एरवी त्या दगडाकडे ढुंकूनही बघत नसत, पण दात हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी चष्मा शोधला.

"इकडे आण," त्या म्हणाल्या. भिंग डोळ्याशी नेऊन त्यांनी दगड दिव्याखाली दोनदा फिरवला. "कुणाचं आहे ते मला विचारू नकोस. पण ही दाढ आहे. हा मोडका दात बघ, खाली दोन पाय आहेत त्याला. दोन मुळं. असली दाढ उपटायची म्हटली की आमच्या डॉक्टरांना घाम फुटायचा."

"दोन? नक्की, वन्सं?"

"मी एकतीस वर्षं बादलीत काय टाकत होते असं वाटतं तुला?"

टपालबाईंनी वही काढून साहेबांचं वाक्य वाचून दाखवलं. वन्संनी भाजी तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या मी पण येते."

साहेब मात्र आता तिथे नव्हते. मागच्याच महिन्यात ते निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते आणि त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या होत्या. वयाने तिशीच्या, मोठ्या विद्यापीठात शिकलेल्या, कामाला चटपटीत. त्या शनिवारी रांग जिन्यापर्यंत गेली होती, कारण कुणीतरी उल्का विकून श्रीमंत झाल्याची अफवा शहरात पसरली होती. बहुतेकांच्या पिशवीत एकेक मळीचा गोळा. मॅडम सकाळपासून मळी, मळी, मळी म्हणून थकल्या होत्या.

टपालबाईंचा नंबर आला. मॅडमनी दगड उचलला, भिंगातून पाहिला, आणि दोन श्वासांत निकाल दिला. "छान आहे. लहान सरड्याचा जबडा. त्या खाणीत असे मिळतात." आणि त्या निकालाची चिठ्ठी लिहायला लागल्या.

"नाही," टपालबाई म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. "काय नाही?"

"सरडा नाही. मोडलेल्या दाताखाली बघा. दोन मुळं आहेत."

"आजी, ती चीर आहे. दगडात जबडा दाबला गेला की अशा चिरा पडतात."

"चीर नाही ती," मागून वन्सं म्हणाल्या. "चिरेला दोन्ही बाजूंनी गोलाई नसते."

"तुम्ही कोण?"

"मी दातांच्या दवाखान्यातली. आणि ही माझी भावजय."

रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. मागच्या एकाने घड्याळाकडे बघून च्यक केलं. मॅडमनी चिठ्ठी पुरी केली आणि दगडासकट पुढे केली. टपालबाईंनी दगड घेतला, चिठ्ठी टेबलावरच ठेवली.

"हे बघा बाळ," त्या शांतपणे म्हणाल्या, "रागावू नका. चुकीच्या दारात टाकलेलं पत्र मी कधी तिथेच सोडून आले नाही. तुमची रांग संपू द्या. आम्ही बाकावर बसतो. आम्हाला घाई नाही."

दोघी बाकावर बसल्या. वन्संनी डब्यातली बिस्किटं काढली. पुढचे दोन तास त्या दोघींनी रांगेतल्या माणसांच्या हातांतल्या दगडांकडे बघत काढले, आणि मळी की नाही ते टपालबाई, माणूस टेबलापर्यंत पोचायच्या आधीच, वन्संच्या कानात सांगत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तीनदा बाकाकडे वळून पाहिलं.

शेवटचा माणूस गेल्यावर मॅडमनी खुर्ची मागे सारली. "चला आत," त्या म्हणाल्या. आवाजात कंटाळा होता, पण दार त्यांनीच उघडून धरलं.

आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. मॅडमनी दगड त्याखाली ठेवला आणि बारीक सुईने मोडक्या दाताखालची माती कणाकणाने काढायला घेतली. सुईचा आवाज नखाने कागद खरवडल्यासारखा येत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग सुई थांबली. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे बाजूला घेतले, चोळले, पुन्हा लावले.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या.

वन्संनी टपालबाईंच्या कोपराला हळूच धक्का दिला.

"थांबा, थांबा," मॅडम भराभर बोलायला लागल्या. "दोन मुळं म्हणजे दूध पाजणारा प्राणी. पण त्या खाणीतले थर राक्षसी सरड्यांच्या काळातले आहेत. त्या काळातले असले प्राणी इतके कमी मिळतात, की… नाही. हा आत्ताचा उंदीर असेल. फटीत शिरला, मेला, तिथेच अडकला."

"उंदराच्या दाढेच्या पोकळीत दगड भरलेला असतो का?" टपालबाईंनी विचारलं. "मोडलेला दात आतून करडा आहे. बाहेर जो दगड, तोच आत. मी काल भिंगाने पाहिलंय."

मॅडमनी पुन्हा पाहिलं. या वेळी त्यांनी सुईने हाडाची कडही चाचपली. "तोच आहे. आणि हाडावर शिंपलाही घट्ट बसलाय." मग त्यांनी सरळ टपालबाईंकडे तोंड केलं. "मी चुकले. तुम्ही बाकावर बसून राहिला नसता, तर हा जबडा सरडा म्हणून तुमच्या खिडकीत पडून राहिला असता."

"रांग केवढी होती," टपालबाई म्हणाल्या. "मळीने कुणाचेही डोळे शिणतील."

"पण हा सुटा दगड आहे. कुठल्या थरातून पडला हे कळल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. नेमका कुठे मिळाला आठवतंय का?"

टपालबाईंना हसू आलं. त्यांनी वही उघडली. 'उत्तर भिंत. गंजलेल्या शिडीपासून डावीकडे चाळीस पावलं. खालून तिसरी पायरी. वर पिवळा पट्टा, त्याखाली हातभर करडी माती, तिथून ताजं ढासळलेलं. शुक्रवार, सकाळी साडेनऊ.'

"इतका पत्ता?" मॅडम थक्क होऊन म्हणाल्या.

"अपुऱ्या पत्त्यावर काही पोचत नाही हो."

सोमवारी तिघी खाणीत गेल्या. राखणदार टपालबाईंना ओळखत होता. त्याच्या मुलाचं नोकरीचं पत्र एका भर उन्हाळ्यात त्यांनीच आणून दिलं होतं. त्याने फाटक उघडलं आणि तिघींना डोक्यावर घालायच्या कडक टोप्या दिल्या. शिडीपासून चाळीस पावलं मॅडमनी मोजली तेव्हा त्या ढिगाच्याही पुढे निघून गेल्या, कारण त्यांची ढांग लांब होती. मग टपालबाईंनी आपल्या पायांनी मोजून दाखवली.

पिवळा पट्टा तिथेच होता. त्याच्या वरच्या फरशीवर राक्षसी सरड्यांची तीन बोटांची पावलं उमटलेली होती. ती आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती. पण त्याखालच्या करड्या मातीकडे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. मॅडमनी हातोडीने एक ढेकूळ सोडवलं, फोडलं, आणि आत तेच बारीक शिंपले, तोच रंग. जबडा याच थरातला होता, आणि थर पावलांच्या खाली होता. म्हणजे ती भली मोठी जनावरं वरून चालत गेली, त्याच्या कितीतरी आधी हा बोटाएवढा जीव तिथे गोगलगायी खात हिंडत होता.

मॅडम गुडघ्यांवर बसून राहिल्या. त्यांच्या टोपीवर धूळ साचली होती, आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. "माझ्या सरांना कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या साहेबांनाही."

"साहेबांना मी रात्रीच फोन केला," टपालबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, जेवण टाकून यायला सांगितलं होतं ना, मग एक दिवस उशीर का केला?"

पुढे बरंच झालं. दगड तीन ठिकाणी फिरला, तीन तज्ज्ञांनी पाहिला, आणि तिघांचं एकच मत आलं: दूध पाजणारा प्राणी, आणि तोही राक्षसी सरड्यांच्या काळातला. मॅडम त्या मताचं पत्र घेऊन स्वतः घरी आल्या. खुर्चीवरचे दगड बाजूला करून वन्संनी त्यांना बसायला जागा केली आणि चहा दिला. मॅडमनी पिशवीतून एक फॉर्म काढला. जबडा संग्रहालयाकडे ठेवायचा, तर शोधणाऱ्याची सही हवी होती.

"देते," टपालबाई म्हणाल्या. "पण दोन गोष्टी. जबड्याशेजारच्या चिठ्ठीवर ठिकाण पूर्ण लिहायचं, चाळीस पावलांसकट. आणि शोधणाऱ्यांत दोन नावं."

"माझं कशाला?" वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मी नुसती दाढ बघितली."

"तेच तर कुणी बघत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या नावासाठी आणखी एक ओळ आखली. मग कप खाली ठेवून त्या जरा संकोचून म्हणाल्या, "त्या थरातली माती चाळायची परवानगी मिळालीय. बारीक चाळणीत पाण्याने धुवायची, आणि राहील त्यातून दात वेचायचे. कंटाळवाणं काम आहे. डोळे चांगले लागतात आणि चिकाटी. माझ्याकडे माणसं नाहीत."

टपालबाईंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चाळण्या धुतलेल्या आहेत का?" वन्संनी विचारलं.

"नव्या कोऱ्या आहेत."

"मग ठीक आहे. बस किती वाजता?"

"सातला," टपालबाई म्हणाल्या. "आणि वन्सं, चप्पल नको, बूट घाला. तिथे निसरडं असतं."