मुकी शिकवणी

चैतराम मास्तर गेले त्या वर्षी आषाढी एकादशीला सत्यभामाबाईंनी मौनाचा नेम धरला. सकाळची आंघोळ झाली की बोलणं बंद, ते संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत. चातुर्मासात कोणी वांगी सोडतं, कोणी एकवेळ जेवतं, कोणी पळसाच्या पत्रावळीवर जेवतं. बाईंनी दिवसाचं बोलणं सोडलं. त्याचं पुण्य मास्तरांच्या नावानं, असं त्यांनी गल्लीत सांगितलं आणि गल्ली हळहळली. म्हणाली, "बाईचं मन मोठं."

बाईंना तसं काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. तुळशीला पाणी घालायचं, पोथीचा अध्याय वाचायचा, सोमवार धरायचा, सगळं व्हायचं. हात करत आणि बाई हातांच्या मागून चालत.

मास्तर चैत्रातल्या एका दुपारी वर्गात फळ्यापाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हा बाई घरी मुगाच्या वड्या घालत होत्या. मग माणसं येत राहिली. गोंदियाहून आली, तुमसरहून आली, कटंगीहून आली. ओसरीवर टेकलं की प्रत्येक जण विचारी, "कसं झालं हो?" शाळेच्या चपराशानं जे सांगितलं होतं तेच बाई सांगत. सांगून सांगून त्याचा पाढा झाला. तोंड म्हणत राही आणि मन कुठेच नसे. मौन धरल्यावर मात्र विचारणं थांबलं. हातातली माळ बघून आलेला माणूस नुसता नमस्कार करून जाई.

श्रावणात समोरच्या तुळसाबाई आपल्या भाचीला हाताला धरून घेऊन आल्या. लांबुडकी पोरगी, दोन वेण्या, खांद्याला कापडी थैली.

"बाई, हे माह्या भावाची कमला. टिकारामची. रामपायलीले राह्यते थो. हे पोरगी दहावीत गनितात गेली, आता परत दहावीतच बसली हाय. तिमाहीत गनित निंघालं त ठीक, नाही त टिकाराम म्हन्ते धान कापाले नेतो गावाले, शाळा बंद." तुळसाबाईंनी दम घेतला. "तुमी तुमसरले मॅट्रिक झाल्या, गनित घेऊन. मास्तरच्या संग कॉप्या तपासत होत्या. मले सब मालूम हाय. बाप्या मानसाच्या घरी मी पोरगी धाडत नाही. तुमी शिकवा इले. हौ म्हना का नाही म्हना... म्हंजे म्हनू नका. मुंडी हालवा."

नाही म्हणायला मान डावी-उजवी करावी लागते. हो म्हणायला एकदा खाली केली की झालं. बाईंनी ती खाली केली.

"अन् एक. दिवा लागाच्या आत पोरगी घरात पाहिजे. भावाले जबान देल्ली हाय मी."

म्हणजे आता असं झालं, की पोरगी घरी जाई तेव्हा बाईंचं तोंड उघडे. पोरगी समोर असे तोवर ते बंदच. हे बाईंच्या आणि कमलाच्याही लक्षात आलं. पण बाई काही बोलू शकत नव्हत्या आणि तुळसाबाई उठून गेल्या होत्या.

शिकवणी सुरू झाली ती पाटीवर. बाई समीकरण लिहीत, खाली एक पायरी सोडवत आणि पाटी कमलाकडे सरकवत. कमला पुढची पायरी लिही. चुकली तर बाई ओला फडका फिरवत. पाटीवर शब्द लिहायचा नाही, हे बाईंनी आपल्या मनाशीच ठरवलेलं होतं. हातानं बोललं तरी ते बोलणंच, असं त्यांना वाटे. कुठल्या पोथीत तसं लिहिलेलं नव्हतं. आकडे चालतील, आकृती चालेल, कोपऱ्यांना क, ख, ग चालेल. बाकी काही नाही.

कमलाला हे फार मानवलं. गावात ती पाचवीपर्यंत मराठीत शिकली होती, या हिंदी मुलखातल्या मोठ्या शाळेत सगळं हिंदीत. "बाई, आमची शाळेतली बहनजी एवढी बोलते का माही मुंडी दुखते," ती पाटी पुसता पुसता सांगे. "'समझ में आया?' म्हन्ते, अन् मी 'जी' म्हन्तो. समजलं नाही म्हनाले बी हिंदी पाह्यजे ना." मग आपणच हसे. बाई हसत नसत, पण पोरीला त्याचं काही नव्हतं. "तुमच्या घरी बरं लागते. कोनी विचारत नाही."

बाईंनाही ती असली की बरं वाटे. बरं वाटे म्हणजे वेळ जाई.

गल्लीतल्या लीलाबाई येता-जाता ओसरीवर डोकावून म्हणत, "निंघाली का वो गुंग्या-मुक्याची शाळा?" तुळसाबाई तिथल्या तिथे टोला देत, "तुह्या घरी तोंडवाले येवढे हायेत, एक तरी पास झाला का?"

बीजगणित मार्गी लागलं. भूमिती सुरू झाली. मास्तर म्हणत, आकृती नीट निघाली की अर्धं गणित झालं. त्रिकोणाच्या टोकातून पायाला समांतर रेघ काढायची. मग इकडचा कोन खालच्या कोनाएवढा, तिकडचा तिकडच्या एवढा. बाई सारख्या कोनांत सारख्या कमानी काढत, एका जोडीत एकेरी, दुसऱ्या जोडीत दुहेरी. कमला कमानी बघे आणि तिचे डोळे चमकत. तिला दिसत होतं. बाईंना तेवढं पुरे वाटलं. दिसलेलं पोरीला लिहिता येतं का, हे बघायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

तिमाही परीक्षा झाली, तपासलेली उत्तरांची कॉपी परत मिळाली. कमला ओसरीवर आली आणि थैली न काढताच बसली. बाईंनी हात पुढे केला. पोरीनं कॉपी दिली.

बीजगणित जवळजवळ सगळं बरोबर. भूमितीच्या प्रत्येक प्रश्नाला सुरेख आकृती. पट्टीनं ओढलेल्या रेघा, कोनांत नेमक्या कमानी, खाली एकाखाली एक लिहिलेलं: हा कोन बरोबर हा कोन. आणि दर ओळीपुढे लाल शाईत बहनजींच्या हातचं एकच: "क्यों?" खाली शून्य. पुढच्या पानावर पुन्हा क्यों, क्यों, आणि पुन्हा शून्य.

"मले मालूम होतं, बाई," कमला म्हणाली. "आकृती पाह्यली का दिसतेच ना. पन काहून बराबर, ते लिहाचं कसं? मले शब्दच नाही आले. हिंदीत नाही आले अन् मराठीत बी नाही."

बाई कॉपी बघत राहिल्या. आपण या पोरीला काय शिकवलं ते त्यांना त्या पानांवर दिसत होतं.

"बहनजी म्हन्ते, दसऱ्याच्या सुट्टीनंतर एक बार फिर लूँगी. पन कारन लिहाचं." तिनं खांद्याची थैली खाली ठेवली. "तुमी सांगान का, बाई? काहून बराबर ते?"

बाईंनी मान हलवली नाही. हो नाही, नाहीही नाही.

त्या दिवशी दिवा लागला तशा त्या समोर गेल्या. तुळसाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"तुळसाबाई, पोरीले दिवा लागल्यावर पाठवा. घडीभर. मी आणून सोडतो."

"नाही."

"समोरचं त घर हाय."

"समोरचं असो का बाजूचं असो. जबान मंजे जबान. तुमचा नेम हाय, तसा हा माहा नेम हाय." तुळसाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुमचा तुमी मोडान का? मंग माहा काहून मोडाले लावता?"

बाई परत आल्या. पोथी उघडली, अध्याय वाचला. एक ओळ वाचून झाली की कडेला ते लाल अक्षर उभं राही. ही ओळ वाचली, क्यों? हा दिवा लावला, क्यों? त्यांनी पोथी मिटली नाही. अध्याय पुरा केला, मगच उठल्या.

दुसऱ्या दिवशी कमला आली ती सवयीनं पाटी घेऊन बसली. ऊन अजून अंगणात होतं. बाईंनी माळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, ओसरीवर येऊन त्रिकोण काढला, टोकातून समांतर रेघ ओढली.

"हा कोन अन् हा कोन," बाई म्हणाल्या, "काहून बराबर?"

कमलाच्या हातातली पेन्सिल पडून फुटली. "बाई, दिवा नाही लागला अजून!"

"मालूम हाय. काहून बराबर, ते सांग."

बाईंना वाटलं होतं, मोडलं की आत काहीतरी हलेल. भीती येईल, नाही तर रडू तरी येईल. काही आलं नाही. त्या उठून पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या.

"दोन रेघा समांतर," त्या म्हणाल्या. "त्यायले कापणारी ही तिसरी. म्हणून हे व्युत्क्रम कोन. तुही बहनजी काय म्हन्ते याले?"

"एकान्तर कोण."

"तेच. मंग लिही. 'क्योंकि'. पहिला शब्द तोच लिहाचा. पुढचं आपोआप येते."

सुट्टीचे सगळे दिवस हेच चाललं. पोरगी सांगे, बाई विचारत, काहून? पोरगी चिडे. "आता दिसून राह्यलं ना, बाई!" "तुले दिसून राह्यलं. बहनजीले दिसाले पाह्यजे." बाईंचा आवाज आधी घोगरा येई, मग सरळ झाला. ओसरीवरून लीलाबाई गेल्या, थबकल्या, पदर तोंडाशी नेऊन झरझर पुढे निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की मास्तरणीनं व्रत सोडलं. समोरून तुळसाबाई मात्र पोरीला रोज वेळेवर धाडत राहिल्या.

बहनजींनी परत परीक्षा घेतली. कमला पास झाली. फार नाही, पण झाली.

धान पिवळं पडलं तेव्हा टिकाराम रामपायलीहून आला. वाळका, उंच माणूस, डोक्यावर चिन्नोर तांदळाची पोतडी. ती ओसरीवर उतरवून त्यानं लांबूनच हात जोडले.

"पोरगी पास झाली, बाई. नवं धान यायचं हाय, हा मागल्या सालचा तांदूळ हाय. जुना मोकळा शिजते."

"बसा भाऊ," बाई म्हणाल्या.

तो बसायला वाकला तो तसाच थांबला. दिवस वर होता. "बाईचं मौन होतं ना?"

कमलानं मान खाली घातली. तुळसाबाईंना राहवलं नाही. "तुह्या पोरीसाठी सोडलं रे बाईनं. तिले समजून सांगाले."

त्यांना वाटलं भाऊ धन्य होईल. टिकाराम सरळ उभा राहिला. "मास्तरच्या नावाचं होतं ना थे? मंजे मेलेल्या मानसाच्या पुन्यातून काढून पोरगी पास केली का आपन? नाही, बाई. अशी इद्या लाभत नाही. कमला, चाल. कपडे बांध."

"अरे येड्या, पास झाली ना थे!"

"पास झाली म्हूनच. कोनाचं तरी घेऊन झाली."

कमला आत्याकडे बघत होती, आत्या बाईंकडे. बाईंना कळलं, आता मान हलवून भागायचं नाही. या माणसाला कारण लागणार.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याच्यात पुन्य नव्हतं."

"मंजे?" टिकारामनं विचारलं.

"लोकं येत, अन् विचारत, मास्तरचं कसं झालं. मले सांगाचा कंटाळा आला होता. बोलाचंच नव्हतं कोनाशी. म्हून तोंड बंद केलं अन् देवाचं नाव लावलं त्याले. मास्तरच्या नावाचं हाय म्हटलं ते लोकायले सांगाले बरं म्हून. मास्तरचं काही खर्च नाही झालं तुमच्या पोरीवर. होतंच नाही त खर्च काय होईन?"

तुळसाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. उद्या हे लीलाबाईंकडे पोचेल, परवा पाण्याच्या नळावर. 'बाईचं मन मोठं' म्हणणारी गल्ली आता काय म्हणेल, तेही बाईंना माहीत होतं. ते त्यांना कुठेतरी लांब, वैनगंगेच्या पल्याड घडत असल्यासारखं वाटलं.

टिकारामनं बराच वेळ विचार केला. शेतकरी माणूस, घाई नाही.

"देवाले मालूम होतं का हे?"

"असनच."

"मंग त्यानं टोकलं नाही तुमाले?"

"टोकलं," बाई म्हणाल्या. "तिमाहीत. लाल शाईत."

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरं बोलल्या," तो म्हणाला, कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मग पोरीकडे वळला. "काय शिकली वो? दाखव त मले."

कमलानं पाटी घेतली. त्रिकोण काढला, टोकातून रेघ ओढली, कमानी काढल्या. "हा कोन अन् हा कोन बराबर."

"काहून?"

"दोन रेघा समांतर हायेत, बाबा. धानाच्या पऱ्ह्याच्या दोन ओळीसारख्या. अन् ही त्यायले आडवी कापते, म्हून..."

बापलेक पाटीवर वाकले. तुळसाबाईही, नको नको म्हणत, मान लांब करून बघायला लागल्या. बाईंनी पोतडी उचलून आत नेली, सोडली, तांदूळ डब्यात ओतायला म्हणून मूठ भरली. तांदूळ गार लागला, आणि तो गार लागला हे बाईंना कळलं. ओसरीवर टिकाराम पुन्हा विचारत होता, काहून, आणि पोरगी पुन्हा सांगत होती. बाईंनी हात तसाच तांदळात ठेवला.