सकाळी नसणारी पाटी

सकाळचे ऊन आमच्या स्वयंपाकघरात सरळ येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर थांबते, तिथून कुणाच्या तरी काचेवर उतरते आणि काचेने परत पाठवल्यासारखे, जरासे थकून, आमच्या खिडकीशी येते. गजांमधून आत शिरल्यावर ओट्यावरच्या ओल्या भांड्यांपाशी ते रेंगाळते. मग टेबलावरच्या मेणकापडाची विटलेली फुले एकेक करून उजळत बाबांच्या हातापर्यंत पोहोचते. मनगट, बाही, खांदा. शेवटी ते त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर स्थिरावते. त्या क्षणी खोलीतले दुसरे कुणीही मान वळवील, कपाळावर हात धरील. बाबा पापणीही लववत नाहीत. अलीकडे मला त्यात एक प्रकारचे धैर्य दिसू लागले होते.

आई चहाचा कप आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवते. मी तो उजवीकडे सरकवतो. टेबलावर जागा करण्यासाठी, असे मी म्हणालो असतो. पण कुणी विचारले नव्हते.

"पाटी नव्हती," त्या सकाळी बाबा म्हणाले. "मी वळलो तेव्हा नव्हती म्हणजे नव्हती. पोलिसाने अडवून मागे बघायला लावलं, तर हजर!"

बाबा एका धुलाई कारखान्याची गाडी चालवत. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे. सकाळी भरायचे आणि पेठेच्या कोपऱ्यावरून डावीकडे वळून इस्पितळाच्या मागच्या दारी उतरवायचे. त्या कोपऱ्यावर नुकतीच 'डावे वळण बंद' अशी पाटी लागली होती. कारण साधे होते. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा आणि डावीकडे वळणाऱ्यांची वाट तिथे एकाच वेळी उघडत असे. त्याचा नकाशा मीच आमच्या कचेरीत काढला होता. नकाशात रस्ता दोन रेघांचा असतो आणि माणूस ठिपक्याएवढा. ठिपके ओरडत नाहीत.

"मालक म्हणाला, पुन्हा सापडलास तर किल्ली ठेवून घरी जा," बाबा म्हणाले. "म्हणजे कुणाला काय हवंय ते कळलंच. तो बदली चालक बघितलास? माझ्या गाडीकडे असा बघतो, जसा काय सोयरीक ठरवायला आलाय."

"पण पाटी कोण काढेल, बाबा?"

"किल्लीवाला. कोपऱ्यावरच बसतो, पान्हे आहेत, हातोडी आहे. सकाळी काढायची, मी वळलो की लावायची. यात पाणी मुरतंय. हल्ली माणसंसुद्धा कशी अंगावर येतात! दबा धरून बसल्यासारखी. एकदम समोर उगवतात. तू रस्त्यांच्याच कचेरीत आहेस ना? मग काढ शोधून. का बापाचा शब्द खोटा वाटतो?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते मनापासून होते. संशयात एक ऊब असते. दोघांनी मिळून घेतला की तो जवळजवळ जिव्हाळ्यासारखा भासतो. आयुष्यात बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते.

आई पाठमोरी उभी राहून एकच पातेले पुन्हा पुन्हा पुसत होती.

त्या दिवसापासून मी सगळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्या कचेरीतल्या मुख्य बाई मला पाहून बोलता बोलता थांबल्या, असे वाटले. कोपऱ्यावरचा किल्लीवाला ओळख नसताना मला पाहून हसला, तेही खटकले. आणि सर्वांत खटकली ती आई. बाबा कारखान्याकडे निघाले की ती मागोमाग पिशवी घेऊन बाहेर पडे आणि रिकामीच पिशवी घेऊन परत येई. "कुठे गेली होतीस?" असे विचारले, तर म्हणे, "पाय मोकळे करायला." पाय मोकळे करून आलेल्या माणसाचा चेहरा इतका बांधलेला नसतो.

शेवटी एका सकाळी मी बाबांच्याही आधी घर सोडले आणि पेठेच्या कोपऱ्यावर शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

पाटी होती. निळ्या खांबावर, डाव्या कडेला, लाल वर्तुळात आडवी रेघ घेऊन ती निमूटपणे उभी होती. किल्लीवाला आपली पेटी उघडत होता. मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही.

"काय साहेब, पाटीची राखण?" तो म्हणाला. "पळून नाही जायची ती. पाय सिमेंटात आहेत तिचे."

"सकाळी ती कुणी काढतं का?"

"काढून काय करणार? ताट म्हणून वापरणार?" तो स्वतःच हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. "तुम्ही त्या बाईंचे कोण?"

"कुठल्या बाईंचे?"

त्याने हनुवटीने दाखवले. पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाशी रात्रपाळीहून सुटलेल्या परिचारिका, काठीवाले एक आजोबा आणि डबा घेतलेली दोन माणसे दिव्याची वाट पाहत उभी होती. त्यांच्या पुढे, अगदी कडेवर, आई होती. हातात रिकामी पिशवी.

चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. त्याच वेळी बाबांची गाडी आली. मी पाटीकडे पाहिले, कारण मला अजूनही वाटत होते की पाटीच काहीतरी करील. पाटी जागची हलली नाही. आई मात्र वळली, लोकांकडे तोंड करून तिने दोन्ही हात पसरले.

"थांबा हो. जरा थांबा."

"अहो बाई, दिवा आपला आहे!" डबेवाल्यांपैकी एकजण करवादला.

"आहे. तरी थांबा."

गाडी वळली. ना हॉर्न, ना ब्रेक. आईची पिशवी गाडीच्या पत्र्याला घासून गेली. बाबा सरळ समोर पाहत होते. चेहऱ्यावर जुन्या, सावध चालकाचे गांभीर्य होते. डाव्या खिडकीबाहेर, वीतभर अंतरावर, त्यांची बायको उभी होती. त्यांनी मान हलवली नाही.

"रोजचंच आहे," किल्लीवाला हळूच म्हणाला. "लोक म्हणतात, बाई खुळी आहे. असेल. पण तिने अजून इथे कुणाला मरू दिलेलं नाही."

आईने मला पाहिले. ती दचकली नाही. पायरीवर येऊन माझ्या शेजारी बसली आणि पिशवीवरचा काळा ओरखडा बोटाने चोळू लागली.

"पाटी मीच मागितली," ती म्हणाली. "तुमच्या कचेरीतल्या बाईंना भेटले. म्हटलं, वळण बंद झालं की हे पुलावरून वळसा घालून जातील. पण त्यासाठी आधी पाटी दिसायला हवी ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगायचं म्हणजे तुला ठाऊक नाही असं धरायचं." तिने माझ्याकडे पाहिले. "कप मी मुद्दाम डावीकडे ठेवते. एक दिवस चाचपडतील, आपणच बोलतील. तू रोज सरकवतोस."

 समोर दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. लोक निर्धास्तपणे पट्ट्यांवरून चालत गेले.

"मी बोलले तर म्हणतील, तूही त्या बदलीवाल्याला फितूर झालीस," आई म्हणाली. "एक दिवस मला ताप येईल, एक दिवस पाऊल चुकेल. तेव्हा या कडेवर कोण उभं राहणार? तू?"

दुसऱ्या सकाळी ऊन नेहमीच्याच वाटेने आले. टाकी, काच, गज, मेणकापडाची फुले. बाबांच्या उजव्या हाताशी गाडीची किल्ली होती. आईने कप डावीकडे ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. माझा हात सवयीने उठला. मी तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"मग? सापडला का चोर?" बाबांनी विचारले.

"कोपऱ्यावर गेलो होतो."

"किल्लीवालाच ना? मी म्हटलं नव्हतं?" ते खुशीत हसले. त्यांचा उजवा हात चहासाठी पुढे आला, मेणकापडावरून फिरला, थांबला. "अगं, चहा कुठाय? आज चहा मिळायचा आहे की नाही?"

आई हलली नाही. ऊन त्यांच्या गालावरून वर चढले आणि उघड्या डोळ्यात सरळ जाऊन बसले.

"बसलात का दोघं तोंडं शिवून?" बाबांचा आवाज बदलला. "काय शिजतंय घरात माझ्या पाठीमागे?"

मी किल्ली उचलली. ती माझ्या मुठीत गेलेली त्यांनी पाहिली. ती उजवीकडे होती.

"बाबा, चहा तुमच्या डाव्या हाताशी आहे," मी म्हणालो. "पाटीही रोज तिथेच असते. तुम्हाला डाव्या डोळ्याने दिसत नाही."