जिवंतपणी फोडलेली सुपारी

माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. मी ते खरं करायला निघाले होते. अतिशहाणपणा, दुसरं काय!

सत्त्याण्णव साली दिवाळीनंतर माझे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज, जेवणावर वासना नाही. काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं, पण पिवळेपणा वाढतच गेला. नगरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि यांना एकट्याला आत बोलावलं. स्वादुपिंडावर गाठ होती, तिनं पित्ताची नळी दाबली होती. कॅन्सरच दिसतोय, पुण्याला न्या, असं ते म्हणाले. हे मला मागाहून कळलं. पण सासूबाईंनी माझ्याशी भांडणं सोडलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

दोन पोरं, दोन्ही लहान. सावत्र आईच्या हाती कशी द्यायची? तिसगावला माहेरी निरोप धाडून मी धाकट्या बहिणीला, भारतीला, घोडेगावला आणवलं. मी गेल्यावर हिलाच करा आणि सुपारी माझ्या डोळ्यांदेखत फोडा, असा हट्टच धरला. भावकीतल्या पाच माणसांपुढं सुपारी फुटली. तिची ओटी मीच भरली. केवढं मोठं मन हिचं, असं म्हणत बायका डोळे पुसत होत्या.

मन कसलं मोठं! त्याच संध्याकाळी भारतीनं यांना चहा दिला आणि कप घेताना हे लाजले. लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्यापुढं हा माणूस कधी लाजला नव्हता.  तिच्या हातची भाकरी पोरं मागून मागून खायची, तेही मला बघवेना. मरायच्या आधीच मी माझ्या हातानं घरात सवत आणली होती.

पुण्यात पोट उघडून गाठीचा तुकडा तपासला. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, नुसती सूज आहे, कधीतरी अशीही फसवते, गोळ्यांनी उतरेल. हे खाटेच्या दांडीवर डोकं टेकून रडले. ते रडणं नेमकं कशाचं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. माझ्या मनात एकच होतं, भारतीला कधी पाठवायचं.

गोळ्यांनी कावीळ उतरली, तोंड मात्र भाकरीसारखं गोल झालं. घरी आले तर धाकटा भारतीच्या मांडीवरून उठेना. दुसऱ्याच दिवशी मी तिला सांगितलं, तू आता जा, आई वाट बघत असेल.

तिनं कपडे पिशवीत भरले. मग म्हणाली, "जाते आक्का. तू मागितलंस म्हनून मी व्हय म्हनले हुते. पाच मानसांत सुपारी फुटलेली पोरगी आता कोन करून घेनार?"

 हे दारात उभे राहून ऐकत होते. ते काही बोलायच्या आत मी तिची पिशवी उचलली आणि स्टँडची वाट धरली. तिला एसटीत बसवलं. गाडी हलेपर्यंत मी तिथंच उभी होते. मायेनं नाही, ती परत उतरू नये म्हणून.