उलटा ठसा

प्रयागबाईंनी चांदीचा टाक पाटावर आपटला.

"ह्यो देव हाय व्हय रं? तलवार कुण्या हातात दिलीय, बघ!"

गोरखने वाकून पाहिलं. घोड्यावरच्या खंडोबाची तलवार डाव्या हातात होती. कळंबच्या त्यांच्या शेडमध्ये, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या मशीनने कोरलेल्या ठशात पत्रा दाबून हा पहिलाच टाक काढला होता. आज चंपाषष्ठी. तो देव्हाऱ्यात बसायचा होता.

"आन कुनाचं काम असनार!" त्यांनी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "डावरी ती. लगीन झाल्यापून सांगतीय, वाढायचं उजव्या हातानं, दिवा उजव्या हातानं. शेवटी देवच डावरा केला बयेनं! उद्यापून शेडात पाय ठिवायचा न्हाई हिनं."

समृद्धीने ताट हळूच उजव्या हातात घेतलं. मशीनसाठीची चित्रं कॉम्प्युटरवर तीच काढायची. या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"चल. काय काढलंस ते दाव मला."

प्रयागबाई तरातरा शेडकडे निघाल्या. मागून दोघं. समृद्धीने चित्र उघडलं. पडद्यावरच्या खंडोबाची तलवार उजव्या हातात होती.

"मंग?"

समृद्धीने गोरखकडे पाहिलं. गोरखने घसा खाकरला.

"ठसा उलटा कोरावा लागतो, आई. तवा टाकावर देव सुलटा उठतो. हिचं चित्र सॉफ्टवेअरमधनं मशीनच्या भाषेत घालताना उलटं करून घ्यायचं असतं. ते काम माझं. ऱ्हायलं."

"कवा कळलं तुला?"

"मगाशी. टाक बघितला तवाच."

"आन मी हिला बोलत व्हते तवा तुझ्या तोंडात भंडारा भरला व्हता का?"

गोरखची मान खाली गेली. "दुसरा ठसा कोरतो मी…"

"तू हात लावू नको. ही कोरंल. आज ह्योच देव बसंल."

घरी येऊन त्यांनी टाक पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, भंडारा वाहिला. राग अजून नाकपुड्यांत होता. समृद्धी पुढे झाली. घाईत तिने ताट डाव्या हातानेच उचललं, आणि दचकून हात बदलू लागली.

"ऱ्हाऊ दे," तिच्याकडे न बघता, टाकावरच्या देवाकडे बघत प्रयागबाई खेकसल्या. "त्यो काय म्हनतोय का तुला?"