चार वेढ्यांची माशी

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं आहे, आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवून. पण माझं पोट केवढं? तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात दोन गुपितं मावत नाहीत.

मी एक माशी आहे. घरात घोंगावते ती नव्हे. मला पंख नाहीत. नदीतल्या दगडांखाली काही किडे राहतात. ते मोठे झाले की पाण्याबाहेर येतात आणि त्यांना पंख फुटतात. पंख फुटण्याआधीच्या अशा किड्याची मी नक्कल आहे, एका बारीक गळावर दोऱ्याने बांधलेली. मासा मला खरी समजून तोंडात घेतो. निदान घ्यावं, अशी अपेक्षा असते.

माझ्या डबीत अकरा बहिणी आहेत. त्या सगळ्या श्रीपती आबांनी बांधल्या. आबा फौजेत हवालदार होते. काश्मीरमध्ये एका मेजर साहेबांनी त्यांना थंड ओढ्यावर मासे धरायला आणि माशा बांधायला शिकवलं. १९८१ साली आबा जाफराबादला परत आले, तेव्हा साहेबांनी त्यांना एक काठी आणि शंभर बारीक गळ भेट दिले.

तेव्हापासून तेरा वर्षं आबा दर रविवारी पूर्णा नदीवर जात होते. तेरा वर्षांत एकही मासा लागला नव्हता.

शेजारचे मच्छिंद्रकाका कणकेची गोळी लावून गळ टाकायचे आणि पिशवी भरून घरी जायचे. जाताना विचारायचे, "काय हवालदार, आज कितवा हुकला?"

"तुम्ही पोट भरून राह्यले, मी शिकून राह्यलो," आबा म्हणायचे.

"तेरा साल झाले की! अजून पहिलीतच का?"

त्यातून गंमत अशी की मासा लागला असता तरी आबा तो सोडूनच देणार होते. द्वारकाआजी माळकरी. "धरायचा तर धरा, पण मारायचा न्हाई अन् घरात आणायचा न्हाई," ही तिची अट. म्हणून आबा पक्कडीने गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकतात. माशाला फार इजा होऊ नये म्हणून. हे ऐकल्यावर मच्छिंद्रकाका चहाच्या टपरीवर अर्धा तास हसले होते.

आबांसोबत नदीवर त्यांची नात बेबीनंदा जाते. ती नववीत आहे. फार बोलत नाही. आबा काठी फिरवत असतात तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक दगड उलटून बघते. बघून झालं की दगड होता तसाच ठेवते.

एका रविवारी तिने खरा किडा तळहातावर घेतला. तो आबांच्या माशांपेक्षा सडपातळ होता आणि रंगाने काळपट. तेवढ्यात त्याची पाठ उकलली. कातडीखाली हवा शिरली असावी, कारण एक क्षण तो किडा चांदीसारखा चमकला. मग आतून पंख निघाले आणि तो उडून गेला. बेबीनंदा कितीतरी वेळ रिकाम्या हाताकडे बघत उभी होती.

घरी आल्यावर तिने हळूच विचारलं, "आबा, आपल्या माशा जरा बारीक केल्या तर? अन् थोडी चमक टाकली तर?"

"न्हाई," आबा म्हणाले. "साहेबांचा नमुना आहे. अंगावर तारेचे पाच वेढे म्हणजे पाच. त्याच्यात बदल न्हाई."

तिने पाच वेढ्यांची माशी परत डबीत ठेवली. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी आबाच म्हणाले, "दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याच्या आधीच ही काठी माळ्यावर टाकतो. येता रविवार शेवटचा. बस झालं हसं."

बेबीनंदाच्या हातातला घास हातातच राहिला. तिला काठीचं एवढं वाईट वाटलं नाही. पण आबा नदीवर जाणार नसतील तर तिला तिथे कोण जाऊ देणार? चौदा वर्षांच्या मुलीला, एकटीला, दगड उलटायला?

मग माझा जन्म झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रकाकांच्या बैलाच्या शिंगांवरची बेगड निघायला लागली होती. बेबीनंदाने बैलाला भाकरीचा तुकडा देऊन बेगडीचा एक चकचकीत तुकडा सोलून घेतला आणि कात्रीने त्याचे केसासारखे धागे केले. घोंगडीची काळी लोकर घेतली. विहिरीवरच्या मोटारीत तार भरून देणाऱ्याच्या दुकानाबाहेर पडलेली तांब्याची बारीक तार घरात होतीच. दोऱ्याला मेण हवं होतं. आबांचं मेण मागितलं असतं तर त्यांनी कशाला म्हणून विचारलं असतं. तिने आजीच्या करंड्यातलं घेतलं, कुंकवाखाली लावायचं. त्यात थोडं कुंकू मिसळलेलं होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही.

लोकर आणि बेगड एकत्र पिंजून ती दोऱ्यावर वळायची असते. बेबीनंदाला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण आजीबरोबर तिने देवाच्या वाती खूप वळल्या आहेत. पहिल्यांदा लोकर जास्त झाली आणि गळावर चक्क फुलवात तयार झाली! तिने ती सोडवली. अर्धी लोकर कमी केली, मग आणखी अर्धी. बारीक अंगावर तारेचे चारच वेढे बसले.

"आबांना सांगू नको हं," डबी बंद करताना ती माझ्या कानात म्हणाली. मला कान आहेत असं मानणारी ती पहिलीच.

रविवारी पाणी निवळलं होतं. आबांना आता बारीक गाठ दिसत नाही, म्हणून माशी काठीच्या दोरीला बांधायचं काम बेबीनंदाचं. तिने मला बांधलं. आबांनी काठी फिरवून मला पाण्यात टाकलं.

पाण्याखाली मी वाहत चालले. एका दगडाला वळसा घालून पुढे आले आणि अचानक सगळीकडे अंधार झाला. मी माशाच्या तोंडात होते!

वर केवढा आरडाओरडा! "धर! सोडू नको! अरे धर!" असं आबा स्वतःलाच ओरडत होते. पलीकडून मच्छिंद्रकाका कणीक टाकून धावत आले. वीतभर मासा, अंगावर निळसर पट्टे. आबांनी हात ओला केला, मला अलगद सोडवलं आणि मासा पाण्यात ठेवला. तो कुठे जातो ते बघायला बेबीनंदा काठाकाठाने पळाली.

तेवढ्यात आबांचं नख सवयीने माझ्या पाठीवरून फिरलं. एक. दोन. तीन. चार. नख थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं. मग त्यांनी मला डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. माझ्या डोक्याजवळचा दोरा लालसर आहे. त्यांनी वास घेतला.

"द्वारकाचा करंडा," ते पुटपुटले. मला वाटलं, आता रागावतील. साहेबांचा नमुना मोडला होता. पण त्यांनी मला मिशीजवळ नेलं आणि म्हणाले, "मला समजलं म्हणून पोरीला सांगू नको. लाजंल ती."

त्या संध्याकाळी त्यांनी बेबीनंदाला कागद घेऊन बसवलं. साहेब आता पुण्यात असतात.

"लिही. साहेब, तेरा सालानं मासा लागला. तुमच्याच नमुन्यावर."

तिने मान खाली घालून लिहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"पुढं लिही. नमुन्यात थोडा बदल केला. इथला किडा बारीक आहे. म्हणून पाचाचे चार वेढे. लोकरीत बेगड."

लेखणी थांबली. तिने वर पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते.

"लिही की. शाई वाळली का?"

"न्हाई आबा. लिहिते."

बस, एवढंच. त्यानंतर दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. काठी मात्र माळ्यावर गेली नाही.

आज पुन्हा रविवार आहे. डबीच्या फटीतून मला नदीचा आवाज येतो आहे. माझी तुम्हाला एकच विनंती. कधी नदीकाठचा दगड उलटलात तर तो होता तसाच परत ठेवा. त्याखाली कोणीतरी पंखांची वाट बघत असतं. आणि हे मी सांगितलं असं कोणाला बोलू नका, कारण अजून दोघांपैकी एकानेही तोंडाने—

"काय हवालदार, आज काठी पोरीच्या हातात काहून?"

"माशी जिनं बांधली, काठी तिची. जिनं मासा आणला ना मच्छिंद्र, ती माशी हिची आहे. बेबे, अशी बघत काय राह्यली? काढ तिला भायेर, टाक जल्दी!"

डबी उघडली. आले, आले! पण एक गोष्ट राहिलीच, ती या दोघांनाही माहीत नाही. त्या दिवशी मासा यायच्या आधी, दगडाला वळसा घालताना, मला तिथे अगदी माझ्यासारखीच एक खरी माशी दिसली, आणि ती मला—