शेषशायी महाराजांची गादी सोमवारी का चालत नाही

कोपर गावच्या माळावर सकाळी दहा वाजता तीनशे माणसं एका माणसाचं घोरणं ऐकत उभी होती. नुसती ऐकत नव्हती, हात जोडून ऐकत होती. घोरणाऱ्याच्या नाकाशी कल्याणहून भाड्याने आणलेल्या कर्ण्याचा माईक धरला होता. त्यामुळे श्वास आत गेला की खाडीवरचे बगळे उडत आणि बाहेर आला की पुन्हा बसत.

"घोरं घोरं महाघोरं!" शेषशायी महाराज गरजले. "पाठ टेकल्यापासून किती?"

"अकरा श्वास, महाराज!" चेला ओरडला.

"अकरा! भक्तहो, या कलियुगात झोप राहिलीय कुणाला? शेटजीला नाही, साहेबाला नाही, दिल्लीच्या मंत्र्याला नाही! आणि इथे बघा. ही गादी कापसाची नाही, बाबांनो. क्षीरसागराचा फेस उन्हात वाळवला, काशीत पिंजला, रामेश्वरात भरला. आणि टाके कोणी घातले?"

"कोणी?" गर्दीने विचारलं.

"ते सांगायची आज्ञा नाही!"

गर्दीने माना डोलावल्या. आज्ञाच नाही म्हटल्यावर महाराज तरी काय करणार?

डोंबिवली स्टेशनाबाहेर भाजी विकून, रिकामी टोपली काखेत मारून हौसाबाई घरी चालली होती. गर्दी बघून ती थांबली. पुढच्या रांगेत तिला स्वतःचा नवरा दिसला. राघो महाराजांकडे असा बघत होता, की तसं त्याने लग्नात हौसाबाईकडेही बघितलं नव्हतं. मग तिने टाचा उंच करून गादीवरचा माणूस पाहिला.

"अगो बाय, ह्यो तर धाकू!"

धाकू गिरणीत तिसऱ्या पाळीला होता. दीडच तासापूर्वी तो स्टेशनातून बाहेर आला होता, डोळे जास्वंदीसारखे लाल. हौसाबाईकडून त्याने मुळ्याची जुडी घेतली, पैसे दिले, आणि मुळा तिथेच टाकून तराजूतलं लोखंडी वजन पिशवीत घालून चालू लागला. तिने हाक मारली तेव्हा वजन परत देताना म्हणाला, "मावशे, मना वाटला मुला आज जरा जून हाय."

रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस. त्याला क्षीरसागर कशाला हवा? भाताच्या उखळात उभा केला असता तरी घोरला असता.

हे तिने राघोच्या कानात सांगितलं. राघोने कान झटकला.

"हौसे, देवाच्या दारात नाट लावू नको. दीड महिना झाला, माजा डोला लागला नाय. सगलं ठरलंय. विहिरीकडचा मळा मी महाराजांना देतोय. तिथं निद्राश्रम बांधतील. त्या बदल्यात मना एक सिद्ध गादी."

हौसाबाईच्या काखेतली टोपली खाली पडली. सासऱ्याचं मिठागर केव्हाच बंद पडलं होतं. खाजणाची जमीन खारी. राहिला होता तो तेवढा विहिरीकडचा मळा. त्या मळ्यातून टोपली भरायची आणि टोपलीतून घर चालायचं.

"आनि मंग मी स्टेशनावर काय इकू? घोरणं?"

राघोची बोटं पेरांवर चालली होती. तो धाकूचे श्वास मोजत होता.

*

(चोपन्न सालच्या माघात डोंबिवली, कोपर आणि पार विठ्ठलवाडीपर्यंत वाटलेलं हस्तपत्रक. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने ते शेजारच्या शेवंतीकडून वाचून घेतलं. शेवंती बाळंतपणाला माहेरी आली होती, चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि वाचता वाचता तीनदा पेंगली.)

॥ श्री शेषशायी प्रसन्न ॥
झोप! झोप!! झोप!!!
गादीवर कोणी झोपावे हे महाराज डोळे पाहून ठरवतील.
दर्शन सकाळी नऊ ते अकरा. त्यानंतर गादी स्वतः झोपते.
स्त्रियांनी गादीस स्पर्श करू नये.
सोमवारी महाराजांचे मौन.
प्रश्न विचारू नयेत. प्रश्न विचारल्याने झोप उडते.

"डोले बघून ठरवतात?" हौसाबाईने विचारलं.

"असं लिहिलंय, मावशी," शेवंतीने जांभई दिली. मांडीवरचं दोन महिन्यांचं पोर लगेच रडायला लागलं. शेवंतीने डोळे मिटलेलेच ठेवून त्याला डोलवायला सुरुवात केली.

*

हौसाबाईने आठ दिवस काही केलं नाही. म्हणजे रोजचीच दोन कामं केली. सकाळी स्टेशनाबाहेर बसून कोण डोळे चोळत बाहेर येतं ते पाहिलं, आणि दहाला माळावर जाऊन कोण गादीवर पडतं ते पाहिलं.

मंगळवार. गादीवर धाकू. स्टेशनावर: लाल.
बुधवार. गादीवर धाकूच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम. स्टेशनावर: लाल, शिवाय विजारीची नाडी उलटी.
गुरुवार. गादीवर एक गोदीवाला. स्टेशनावर त्याने कोथिंबिरीला नमस्कार केला होता.
शुक्रवार. पुन्हा धाकू.
शनिवार. गादीवर एक पोट सुटलेले गृहस्थ, स्टेशनावर कधीच न दिसलेले. झोपले नाहीत. महाराज म्हणाले, पूर्वजन्मीचं देणं.
रविवार. शनिवारची रात्रपाळी उतरली. गादीवर धाकू. नऊच श्वास!
सोमवार. मौन.
मंगळवार. लाल, लाल, लाल.

सोमवारपाशी हौसाबाई अडली. रविवारी गिरण्या बंद. म्हणजे रविवारी रात्री पाळी नाही. म्हणजे सोमवारी सकाळी गिरणीतून कोणी घरी येत नाही, सगळे अंथरुणातूनच उठतात.

आणि नेमकं त्याच दिवशी महाराजांचं तोंड बंद?

बुधवारी तिने भर गर्दीत पदर डोक्यावर घेतला आणि महाराजांपुढे हात जोडले. राघोला वाटलं, बायको सुधारली.

"महाराज, मळा सासऱ्यांचा. ते सोमवारचे भक्त. दान करायचं तर सोमवारीच, असं त्यांना वचन हाय. दुसऱ्या वारी अंगठा उठायचा नाय."

"पण सोमवारी तर..." चेला बोलायला गेला.

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मळ्याकडे पाहिलं. मळ्याला बारमाही विहीर होती आणि स्टेशन वीस मिनिटांवर.

"भक्तासाठी," ते सद्गदित होऊन म्हणाले, "आम्ही मौनही मोडू."

*

सोमवार.

बैलगाडीतून गादी आली. बक्षीसपत्राचा कागद आला. शाईची डबी आली. राघोने अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे नेला.

"थांबा!" हौसाबाई म्हणाली. "अंगठ्याआधी एक डाव चमत्कार. पावण्यांनी बघितला नाय अजून."

पाहुणा म्हणजे कल्याणचा हुसेनभाई पिंजारी. दरवर्षी पावसाळा सरला की धनुकली खांद्यावर टाकून तो गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. हौसाबाईने निरोप धाडून त्याला बोलावलं होतं.

"दाखवा! दाखवा!" गर्दी म्हणाली.

महाराज गर्दीतून फिरू लागले. एकेका डोळ्यात डोकावू लागले. पांढरे. पांढरे. पांढरेशुभ्र. रविवारची मच्छी खाऊन दहा दहा तास झोपलेले तीनशे जोड डोळे त्यांच्याकडे टवटवीत बघत होते.

"धाकू, ये बाळा," महाराज म्हणाले. जुनं नाणं बरं, असं त्यांना वाटलं असावं.

धाकू आडवा झाला. माईक नाकाशी गेला. अकरा श्वास झाले. वीस झाले. चाळीस झाले.

"महाराज," कर्ण्यातून आवाज आला, "पाठीला कायतरी टोचतंय."

दुसरा निजवला काळुराम न्हावी. तो आडवा होताच म्हणाला, "असं वर आभाळाकडं बघितलं की आमच्या मेव्हण्याची आठवण येते." आणि मेव्हण्याची संपूर्ण हकीकत कर्ण्यातून चार गावांना ऐकू गेली. मेव्हणा घरी असेल तर त्यालाही.

"वातावरणात संशय आहे!" महाराज घामाघूम झाले. "आता आमचा शिष्यच पहुडेल!"

चेला पडला आणि लगेच घोरू लागला. काय ते घोरणं! गर्दी पुन्हा हात जोडणार, तोच हौसाबाई वाकून ऐकू लागली. तिचा या विषयातला अनुभव बावीस वर्षांचा होता.

"खरा घोरणारा मध्येच अडकतो, वाटतं आता गेला, मंग एकदम फुर्र करतो. ह्यो तर भाताच्या गिरणीसारखा एका ठेक्यात चाललाय," ती म्हणाली. आणि साध्या आवाजात पुढे म्हणाली, "अरे, तुझ्या कानाशी इंचू."

चेला थेट गाडीच्या जूवर जाऊन उभा राहिला.

गर्दी हसली. महाराज ओरडले, "पाखंड! एका बाईने गादी बाटवली!"

"मी तर शिवले पण नाय," हौसाबाई म्हणाली. "आता माजा चमत्कार बघा. शेवंते, इकडं ये."

शेवंती पोराला खांद्यावर थोपटत पुढे आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, वेणी अर्धीच घातलेली.

"पोरी, सलग कधी झोपलीस?"

शेवंतीने बराच विचार केला. "दिवाळीत," ती म्हणाली.

हौसाबाईने पोर आपल्याकडे घेतलं. "जा, त्या गाडीत जरा टेक."

गाडीत गादी नव्हती, पेंढाही नव्हता. उघड्या फळ्या होत्या आणि एका फळीतून खिळा डोकावत होता. शेवंती खिळा चुकवून आडवी झाली. "मावशी, त्याला ढेकर काढायला..." एवढं म्हणाली आणि वाक्याच्या मधोमध झोपली.

तीन श्वास.

गर्दीत एक मोठा आवाज उठणार होता. हौसाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

*

(इथून पुढचं सगळं कुजबुजत वाचावं. तसंच घडलं.)

"हाच चमत्कार," हौसाबाई कुजबुजली. "धाकूला गादीनं नाय, तिसऱ्या पाळीनं झोपवला. जागलेला मानूस फळीवर झोपतो, झोपलेला मानूस क्षीरसागरावर जागा ऱ्हातो. बायांना गादी वर्ज्य का, तर गावभर बाया जाग्याच. त्यांना झोप लागली असती तर त्यात कसलं आलंय नवल?"

"काय म्हणाली?" मागच्या रांगेने कुजबुजत विचारलं. पुढच्या रांगेने कुजबुजत सांगितलं. तिचं म्हणणं माळाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत महाराज दोन पावलं मागे सरकले होते.

"भामटा!" काळुराम न्हावी हळूच म्हणाला.

"चोर!" शंभर जण हळूच म्हणाले.

"माझं ऐकून घ्या," महाराजांनी कुजबुजत विनवलं.

"हळू!" सगळे दटावून कुजबुजले. "पोरगी उठंल!"

हुसेनभाईने तोवर गादीची शिवण उसवली होती. आतून निघाला गोणपाटाचा चुरा, सुतळीच्या गाठी, आणि न वाटलेली हस्तपत्रकं. धाकूला टोचत होती ती तीच.

"याला काशीत पिंजलं?" हुसेनभाई हळू आवाजात म्हणाला. "याला तर कोणी हातपण लावलेला नाही. राघोदादा, गादीत मंतर-बिंतर काही नसतं. कापूस चांगला पायजे, वरसाला पिंजलेला पायजे, गाठ नको. फार मऊ नको, कंबर खड्ड्यात जाते. फार जाड नको, आतून सुकत नाही. खाडीची हवा दमट, म्हणून आठवड्याला ऊन द्यायचं. बस. तुझी गादी कधी पिंजली?"

"आमची बायजा झाली तवा," राघो म्हणाला.

"बायजाला सासरी जाऊन वर्ष झालं!" हौसाबाई म्हणाली.

"आणि गादीखाली काय आहे?"

राघोने इकडेतिकडे पाहिलं. गर्दी जवळ सरकली.

"पयल्या रात्री झोप नाय आली तवा माजी मावशी बोलली, लोखंड ठेव, भूत येत नाय. कोयता ठेवला. झोप नाय. मंग फाळ ठेवला. मंग घोड्याचे नाल. मंग पहार."

"पहार?"

"आडवी," राघोने खुलासा केला. "जेवढी झोप कमी, तेवढं लोखंड जास्ती."

"आनि दुपारी बारा ते चार ओटीवर पडतो ते सांग की," हौसाबाई कुजबुजली. "तिथं लोखंड नाय, म्हनून काय मस्त झोप लागते!"

हसू आलं तरी हसायचं नाही, ही फार मोठी शिक्षा असते. तीनशे माणसांनी ती तोंडात पदर, टोपी, उपरणं कोंबून भोगली.

राघोने आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. दूर मळ्यातल्या भेंडीकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि क्षीरसागराच्या फेसाला अंगठा पुसला. चांगला खसाखसा, दोन्ही बाजूंनी पुसला.

महाराज निघाले. गाडीत शेवंती झोपली होती, तेव्हा गाडी मिळणार नव्हती. सिद्ध गादी डोक्यावर घेऊन, गोणपाट गाळत, ते चवड्यांवर चालत माळ उतरले. मागून चेला कर्णा घेऊन. त्यांना हाकलून द्यायला दोनशे माणसं वेशीपर्यंत गेली, तीही चवड्यांवर.

आता एवढंच. झोप येत नसेल तर आधी दिवस कसा गेला ते आठवा. मग गादी उचला, खाली काय आहे ते बघा, उन्हात टाका, पिंजाऱ्याला दाखवा. तरीही नाही आली तर डॉक्टरकडे जा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर तो मंगळवारी बघू नका, सोमवारी बघा. ज्या दिवशी तो दाखवायचं टाळतात, त्याच दिवशी मागा. देव असेल तर त्याला वार आडवा येणार नाही.

दुपारी तीन वाजता शेवंती दचकून उठली. आजूबाजूला माळ रिकामा होता. गाडीच्या सावलीत हौसाबाई पोराला मांडीवर डोलवत बसली होती.

"मावशी! कार्यक्रम झाला? काय झालं?"

"काय नाय गो," हौसाबाई म्हणाली. "झोप अजून जरा."