भिंतीवरची प्रतिज्ञा

शाळेच्या भिंतीवर रंगाऱ्याने देशाची प्रतिज्ञा लिहिली आणि एकच गदारोळ माजला! ‘देवाला स्मरून’ हे शब्द हवेत की नकोत? आठवडाभर तो बिचारा तेवढेच दोन शब्द पुसत होता, पुन्हा रंगवत होता. आज संसदेत निकाल होता. शिडीखाली दोन्ही पक्ष बाह्या सरसावून उभे.

“राहिले! शब्द कायम राहिले!” मुख्याध्यापिका रेडिओ घेऊन धावत आल्या. इकडे जल्लोष, तिकडे बोंबाबोंब!

रंगारी खुशीत उतरला, मागे सरकला, त्याने पहिल्यांदाच सगळी भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला. 

“अहो, ‘आम्ही एकमेकांचा मान राखू’ ही ओळच लिहायची राहिली की!”

“सावकाश लिही रे,” दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज आला, “तिची कुणाला घाई आहे?”